टिचकू आणि घराचा वास

सांगा बरं बाळांनो, विश्वास कुणावर ठेवावा? डोळ्यांवर, की नाकावर? सुका बोंबील घेताना आई काय करते? आधी हुंगते. मगच पिशवी उघडते. पक्की आहे आई!

तर खाडीत होतं एक पिल्लू. बोय माशाचं. तांदळाच्या दाण्याएवढं. नाव टिचकू. ते खूपशा भावंडांबरोबर समुद्रातून आलेलं. घर कधी पाहिलंच नव्हतं. पण घराचा वास ठाऊक होता. तिवराच्या झाडांचा, चिखलात कुजलेल्या पानांचा. आपण नाक मुरडू. टिचकूला मात्र तो गोड लागे. वासामागे ते चाललं होतं. सुळुक सुळुक.

वाटेत बांध आला. आणि वास गेला!

तिवरं बांधापलीकडे. बांधाला लाकडी दार. त्याला म्हणतात उघाडी. उघाडी बंद होती.

आभाळ काळं. पाणी गढूळ. मागे मिशाळ शिंगाळा. हा भला थोरला मासा. तो म्हणाला, "घर हवं? माझं तोंड बघ. केवढं ऐसपैस!"

टिचकू पळालं. सुळुक सुळुक.

"पाण्या पाण्या, वास आण ना!
वास येईना, घर सापडेना!"

पाणी म्हणालं, "कसा आणू? उघाडी उघडेल, तर वाहीन. आधी ती, मग मी."

टिचकू गेलं उघाडीकडे. सुळुक सुळुक.

"उघाडी उघाडी, उघड ना!
पाणी वाहेना, वास येईना,
घर सापडेना!"

उघाडी म्हणाली, "कशी उघडू? पायाशी गाळ. खेकडा उकरेल, तर उघडेन. आधी तो, मग मी."

शिंगाळा जवळ आला. "येतोस ना रे?"

टिचकू गेलं खेकड्याकडे. सुळुक सुळुक.

"खेकड्या खेकड्या, गाळ उकर ना!
उघाडी उघडेना, पाणी वाहेना,
वास येईना, घर सापडेना!"

खेकडा म्हणाला, "कसा उकरू? नांगीला फाटकं जाळं. नागूआजी सोडवेल, तर उकरीन. आधी ती, मग मी."

नागूआजी बांधावर बसली होती. नवं जाळं विणत. टिचकू गेलं. सुळुक सुळुक.

"आजी आजी, जाळं सोडव ना!
खेकडा उकरेना, उघाडी उघडेना,
पाणी वाहेना, वास येईना,
घर सापडेना!"

"अरे टिचभर माशा, मीच का?" आजी म्हणाली. "फाटलं की फेकतात मेले खाडीत! ज्याचं जाळं, त्यानं सोडवावं. आधी तो, मग मी."

शिंगाळा आणखी जवळ आला. मिशी शेपटीला लागली.

टिचकू गेलं जाळ्याच्या गाठीकडे. सुळुक सुळुक.

"गाठी गाठी, तू कुणाची?
आजी सोडवेना, खेकडा उकरेना,
उघाडी उघडेना, पाणी वाहेना,
वास येईना, घर सापडेना!"

गाठ म्हणाली, "कशी सांगू? बांधणारा हात लागेल, तर कळेल. आधी हात, मग मी."

टिचकू आजीकडे परत. "आजी, नुसता हात लाव!"

आजी खाली वाकली. हात लावला. चाचपलं. तिचा चेहरा पडला.

"अगो बाय! ही दुहेरी गाठ माझीच. मीच फेकलं गो हे जाळं!"

आजीनं गाठ सोडवली. खेकडा सुटला. गाळ उकरला, खर्र खर्र. उघाडी उघडली, करकर करकर. पाणी वाहिलं, खळखळ खळखळ. आणि वास आला!

शिंगाळ्यानं तोंड उघडलं. आऽऽ! टिचकूनं तिकडे बघितलंच नाही. वास धरला आणि निघालं. सुळुक सुळुक सुळुक!

आत तिवराची मुळं. आत ऊब. मुळांत एक कोळंबी होती. ती म्हणाली, "आलास बाबा? आणि बाकीची?"

"खूप होतो आम्ही," टिचकू म्हणालं. "उघाडी बंद होती ना. मी एकटाच आलो."

कोळंबी बाजूला सरकली. जागा दिली.

बाहेर आजीनं फाटकं जाळं उचललं, घरी नेलं. शिंगाळा बांधापाशीच होता. पोट आधीच फुगलेलं.

आता सांगा, कोण पोचलं? एक टिचकू. कोण नाही पोचलं? बाकीची सगळी. घरी जाऊन ताईला ही गोष्ट सांगाल ना, तेव्हा दोन्ही सांगा. एकही पिल्लू वाढवू नका, एकही लपवू नका. हिशोब खरा ठेवा हं, बाळांनो.