देवाच्या खांद्यावरच्या मुंग्या

खाडीवर अजून पूल आला नव्हता, माणसं होडीनं यायची आणि त्यांच्या बातम्या त्यांच्याआधी यायच्या, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. पेंढरवण्यात ज्याला विचाराल तो आपल्या पणज्यापासून मोजायला लागतो आणि पणज्यावरच अडकतो.

त्या पेंढरवण्यात मथू नावाची नवी सून आली. नव्या सुनेनं मान वर करायची नाही, असा तिथला रिवाज. मान खाली असली की सून गरीब दिसते, असं सगळ्यांना वाटायचं. पण खाली मान घालणारीला जमीन दिसते, आणि जमिनीवर काय काय चाललेलं असतं ते ताठ मानेच्या माणसाला कधी कळत नाही. मथूला पायांवरून माणसं ओळखू यायला लागली. कोण दबकत आलं, कोण मुद्दाम पाय आपटत आलं, कोण दारापर्यंत येऊन नुसतं ऐकून परत गेलं, सगळं तिला ठाऊक.

बोलायची कमी आणि संशय घ्यायची फार. असं म्हणतात, तिच्या हातात देवाचा नारळ दिला तरी ती आधी कानाशी धरून हलवून बघायची, आत पाणी आहे का.

तिचा पहिला संशय अर्थातच सासूवर. सासूचं नाव आवडाई. आवडाई गावची सुईण. पेंढरवण्यात जो जो रडला तो पहिल्यांदा तिच्याच हातांत रडला. ती पहाटे उठून रानात जायची, मुळ्या आणायची, सहाणेवर उगाळताना तोंडानं काहीतरी पुटपुटायची. आणि माळ्यावर तिचं एक मडकं होतं. त्याला हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद. मथूचा नवरा बाळकू, एवढा बाप्या, पण त्या मडक्याचं नाव काढलं की बाहेर जाऊन गुरांना पाणी दाखवून यायचा.

"मडक्यात काय आहे हो?" मथूनं एकदा त्याला विचारलं.

"आईला विचार."

"तुम्ही नाही विचारलंत कधी?"

"मला जगायचंय," बाळकू म्हणाला.

मग एके सकाळी सारवताना मथूला मुंग्या दिसल्या. चुलीमागून निघालेली बारीक रांग, भिंतीवर चढलेली, माळ्यावर गेलेली. मथू रांगेमागून चढली. रांग गेली मडक्यात. तिनं झाकण उचललं, आणि आत होती काकवी. नुसती काकवी. उसाच्या रसाची, दाट, काळसर.

मागून आवाज आला, "सापडली का गो?"

आवडाई खाली उभी होती. मथूचं पाणी पाणी झालं. पण सासू हसली. "दात पडले, पण जीभ राहिली. घरात सांगितलं तर एका दिवसात मडकं चाटून ठेवतील मेले. बायांना सोडवून माणूस दमतो, मग बोटभर खाते. आता तुला कळलंय, तर तूही बोटभर खा आणि गप बस."

मथूनं बोटभर खाल्ली आणि गप बसली. पण मुंग्या तिच्या लक्षात राहिल्या.

आता पेंढरवण्याच्या देवाचं सांगायला हवं. देव रवळनाथ, काळ्या पाषाणाचा, पुरुषभर उंच. गावाला काही ठरवायचं झालं की देवाला कौल लावायचा. म्हणजे काय, तर पाण्यात बोट बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांवर एक एक पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. पाणी सुकतं, पाकळी सुटते. आधी उजवी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. गाऱ्हाणं घालायचा मान रावजी मानकऱ्यांचा. पाकळ्या लावायचं काम भिकू पुजाऱ्याचं. ज्या घराचा निवाडा असेल, त्या घरानं विहिरीवरून पाण्याची कळशी आणून ठेवायची. दुसऱ्या कुणी देवाला हात लावायचा नाही. बायकांनी तर खांबाच्या अलीकडेच उभं राहायचं.

आणि गंमत अशी की देव नेहमी रावजींच्याच मताचा निघायचा. रावजींना वाटलं बांध इथे घालावा, की देवालाही तिथेच बांध हवा असायचा. लोक हात जोडून म्हणायचे, "मानकऱ्यांचं आणि देवाचं फार जमतं हो."

मथूच्या मनात यायचं, एवढं तर नवरा-बायकोचंही जमत नाही.

त्या वर्षी रावजींच्या सुनेला दिवस गेले होते. सकाळी कळा सुरू झाल्या. घरच्या बाया म्हणाल्या, आवडाईला बोलवा. रावजी म्हणाले, एवढं मानाचं घर, आधी कौल घेऊ. देवानं हो म्हटलं की मग बोलवू. पाकळ्या लावल्या. त्या दिवशी हवा दमट होती, पाणी काही सुकेना. रावजी देवळात बसून राहिले आणि सून घरात ओरडत राहिली. दिवेलागणीला उजवी पाकळी पडली. आवडाई धावत गेली. आई वाचली. मूल जन्मलं ते निळंच जन्मलं. ते रडलंच नाही.

रावजी बाहेर ओटीवर बसले होते. आवडाईनं मूल त्यांना दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "सकाळी बोलावलं असतंत तर."

हे वाक्य तिला महागात पडलं. कारण ते खरं होतं, आणि रावजींनाही ते ठाऊक होतं. रात्रंदिवस ते वाक्य त्यांच्या कानात घुमत राहिलं. माणसाला एखादी गोष्ट सोसवेना झाली की तो ती ठेवायला दुसऱ्याचं अंगण शोधतो. हळूहळू गावात कुजबुज सुरू झाली. आवडाई पुटपुटते काय? मुळ्या कसल्या उगाळते? माळ्यावर कसलं मडकं ठेवलंय? काल ज्यांच्या पोरांना तिनं न्हाऊ घातलं होतं, त्या बायका तिची सावली बघून पोरांना पदराखाली घ्यायला लागल्या.

मग दवंडी फिरली. आवडाईचा हात चांगला की वाईट, ते देवाला विचारायचं. उजवी पडली तर चांगला. डावी पडली तर आवडाईनं होडीत बसायचं आणि गावात परत यायचं नाही.

आदल्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. मथूनं सासूकडे बघितलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात एक किडा होताच. पुटपुटणं तिनं स्वतः ऐकलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही उगाळताना काय पुटपुटता?"

आवडाईनं तिच्याकडे बघितलं. "तुलाही संशय?"

"मला सगळ्यांचाच येतो."

"त्याचंच नाव घेते गो. रवळनाथाचं. हात माझे, पण काम त्याचं, हे मला विसरायला होतं. म्हणून घेते." मग ती म्हणाली, "उद्या डावीच पडणार. रावजींना उजवी नकोय."

"मग देव खोटा?"

"जीभ झडेल तुझी! देव कसा खोटा असेल?"

मथू तिथेच थांबली. देव खोटा नाही. सासूही खोटी वाटत नाही. आणि तरी पाकळी डावीच पडणार. तर मग मध्ये कोण आहे? असं म्हणतात की पेंढरवण्यात हा प्रश्न त्याआधी कुणाला पडलाच नव्हता. लोक पाकळीवर विश्वास ठेवायचे आणि त्यालाच देवावरचा विश्वास समजायचे. मथूचा देवावर खरोखर विश्वास होता, म्हणूनच तिला पाकळीचा संशय आला.

सकाळी सगळं गाव देवळात. निवाडा त्यांच्या घरचा, म्हणून पाण्याची कळशी मथूच्या कमरेवर. तिनं ती खांबाच्या पुढे सरकवली आणि रिवाजाप्रमाणे अलीकडेच मान खाली घालून उभी राहिली. मान खाली होती म्हणून तिला भिकू पुजाऱ्याचे पाय दिसले, आणि पायांमागे लपवलेला एक द्रोण दिसला. डाव्या पाकळीसाठी भिकूनं बोट कळशीत बुडवलं. उजव्या पाकळीसाठी ते खाली द्रोणात गेलं.

रावजींनी गाऱ्हाणं घातलं. आवाज कापरा होता. लोकांना वाटलं, भक्तीनं कापतोय.

तेवढ्यात मथूच्या पायाशी काहीतरी हललं. उंबऱ्याच्या फटीतून मुंग्या निघाल्या होत्या. बारीक रांग फरशीवरून गेली, द्रोणाला वळसा घालून पाषाणावर चढली, देवाच्या गुडघ्यावरून, कमरेवरून वर गेली. मथूनं आयुष्यात पहिल्यांदा गावासमोर मान वर केली. रांग देवाच्या उजव्या खांद्यावर गेली होती. डाव्यावर एकही मुंगी नव्हती.

डावी पाकळी सुटायला लागली. तिचं टोक वर उचललं गेलं. बाया तोंडात पदर धरून उभ्या. आवडाईनं डोळे मिटले.

आणि मथूनं कळशी उचलली.

"ए, ए! कुठे चाललीस?" रावजी ओरडले. "बाळकू, आवर बायकोला!"

बाळकूनं, असं म्हणतात, त्या वेळी वर बघून देवळाची कौलं मोजायला सुरुवात केली. पेंढरवण्यात आजही बाळकूला बरंच माफ आहे ते यामुळे.

मथू सरळ देवापाशी गेली आणि म्हणाली, "देवाला मुंग्या लागल्यात. धुते."

एवढंच. दुसरं काही ती बोलली नाही. देवाला मुंग्या लागल्यात म्हटल्यावर तिला अडवणार कोण? अडवायचं तर मुंग्या का आल्या ते सांगावं लागणार. मथूनं भरली कळशी देवाच्या खांद्यांवर ओतली. उजव्या खांद्यावर तळहात फिरवला, खसाखसा, जशी चिकट झालेली परात धुवावी. दोन्ही पाकळ्या वाहून गेल्या. मग तिनं पदरानं पाषाण टिपला, तळाशी उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं, दोन नव्या पाकळ्या लावल्या, आणि सासूकडे वळून बघितलं.

आवडाई म्हणाली, "आता काय पडेल ते पडू दे. आता तोच सांगेल."

काय पडेल ते मथूलाही ठाऊक नव्हतं. डावी पडली असती तर तिनं स्वतः सासूला होडीपर्यंत पोचवलं असतं आणि जन्मभर त्या होडीकडे बघत राहिली असती. तिनं देवाला काही मागितलं नाही. मनात म्हणाली, मी मधलं पुसलंय, आता तू बोल.

देऊळ इतकं शांत झालं की खाडीचं पाणी ऐकू यायला लागलं. आणि उजवी पाकळी पडली. काहीजण म्हणतात, मथूचं बोट निघायच्या आतच पडली. काहीजण म्हणतात, पडली नाहीच. उडाली, आणि भर गर्दीतून जाऊन आवडाईच्या ओंजळीत बसली. डावी मात्र त्या दिवशी पडलीच नाही. ती सुकली, काळी झाली आणि पाषाणात मुरली. तिचा डाग अजून आहे, पुजारी दाखवतात.

पण खरा चमत्कार त्यानंतरचा. द्रोणाभोवती जमलेल्या मुंग्या वळल्या. आधी भिकूच्या बोटांवर चढल्या. तो हात झटकत देवळाबाहेर पळाला. मग त्यांची रांग देवळाच्या पायऱ्या उतरली. असं म्हणतात, ती रांग दोरखंडाएवढी जाड झाली आणि भर उन्हात गावातून निघाली. गाव तिच्या मागोमाग. रांग बोळातून गेली, आवडाईच्या दारावरून गेली, पण तिथे थांबली नाही. माळ्यावर मडकं असूनही थांबली नाही. ती गेली रावजी मानकऱ्यांच्या ओटीवर, आत, स्वयंपाकघरात, आणि शिंक्यात टांगलेल्या काकवीच्या गडूवर चढली. त्या गडूतूनच द्रोण भरला गेला होता.

रावजी आपल्याच दारात उभे राहिले. आतून त्यांची सून बाहेर आली, अंगावर अजून बाळंतिणीची शाल. तिनं गडूकडे बघितलं, मुंग्यांकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"मामंजी," ती म्हणाली, "त्या दिवशीही काकवी लावली होतीत का?"

"नाही गो," रावजी म्हणाले आणि मटकन खाली बसले. "त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी खरंच विचारत होतो."

ते खरं होतं, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. आवडाई पुढे झाली. तिनं त्यांच्या सुनेला हाताला धरून आत नेलं, कारण बाळंतिणीनं दारात वाऱ्यावर उभं राहायचं नसतं.

मथू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. गावानं तिला देवळातला पहिला नारळ देऊ केला. तिनं तो कानाशी धरून हलवला आणि परत दिला. देवळात ती फारशी गेली नाही. शेताच्या बांधावर उभी राहून, सासूसारखीच पुटपुटत, खाडीकडे तोंड करून हात जोडायची. कुणी विचारलं, इथे कुठे देव, तर म्हणायची, "इथे मध्ये कुणी नाही, म्हणून बरं ऐकू जातं."

पेंढरवण्यात अजून कौल लागतो. पण आता मानकरी आणि पुजारी खांबाच्या अलीकडे उभे राहतात, हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून. गावात सगळ्यात शेवटी आलेली सून कळशी घेऊन पुढे होते, "देवाला मुंग्या लागल्यात, धुते," असं मोठ्यानं म्हणते, देवाचे खांदे धुते आणि पाकळ्या लावते. त्याला मथूचं पाणी म्हणतात. देवळाच्या उंबऱ्यावर मुंग्यांसाठी चिमूटभर साखर ठेवतात. आणि बाळंतपणाला कौल घेत नाहीत. कळ आली की सुईण, आता डॉक्टर, आणि मागून हात जोडायचे.

असंही म्हणतात की पेंढरवण्यात नव्या सुनेला मुंगी चावत नाही. नव्या सुना यावर काही बोलत नाहीत. त्या मान खाली घालून जमिनीकडे बघत असतात, आणि गावातल्या मोठ्या माणसांना त्याची अजूनही थोडी धास्ती वाटते.