गार अंगाची बॅटरी

मोबाइलची पाठ नखाने उघडायची, त्या काळातली गोष्ट. इंदूताईंच्या ओट्याखालच्या खणात काडेपेटी आणि डबीतला कापूर राहत होते. एके दिवशी तिथे एक फुगलेली बॅटरी आली. टाकवत नाही म्हणून इंदूताईंनी ती ठेवून दिली होती.

"या आगलाव्यांच्या शेजारी मी?" बॅटरी फणकारली. "हात लावून बघा, माझं अंग कसं गार आहे!"

"मग पोट का फुगलंय?" काडेपेटीने विचारलं.

कापूर म्हणाला, "आम्ही पेटतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आम्हाला जपून हाताळतात. तुझं कुणाला ठाऊकच नाही."

एका सकाळी इंदूताईंनी बॅटरी ओट्यावर काढली. चपटी व्हावी म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवला आणि त्या अंगणात धुणं वाळत घालायला गेल्या. खण उघडाच राहिला.

वरवंट्याखालून फुस्स आवाज आला. मग धूर, मग जाळ. ओट्यावरचं फडकं पेटलं आणि थेट खणावर लोंबू लागलं. खालीच कापराची डबी होती आणि तिच्या शेजारी काडेपेटी.

तेवढ्यात इंदूताई धावत आल्या आणि त्यांनी हातातली ओली चादर जाळावर टाकली.

सगळं विझल्यावर कोळसा झालेली बॅटरी पाहून त्या हळहळल्या, "अगं बाई, ही बिचारीसुद्धा जळाली!" मग काडेपेटीकडे वळून कडाडल्या, "तुझीच करणी!" आणि त्यांनी तिला उंच फळीवर भिरकावलं. तिच्यातली एक काडीही जळालेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खणात काडेपेटीच्या रिकाम्या जागी नवी पाहुणी आली. तीही बॅटरीच, जराशी फुगलेली.