हाताने ठोकलेली पाटी

दोन ओढ्यांच्या मधल्या एका गावात दिगंबर टिळेकर नावाचा एक जाळेवाला राहत होता. मासे पकडायच्या जाळ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पाण्यात पाय बुडवायलाही तो भीत असे. त्याचे जाळे तारांचे. गावातल्या दवाखान्यातले चाळीस कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते ठेवणे, हे त्याचे काम. तपासणीच्या खोलीतून निघालेला रिपोर्ट वॉर्डात पोचला पाहिजे, वॉर्डातला निरोप औषधांच्या खिडकीवर गेला पाहिजे. हे निरोप तारांमधून धावतात आणि वाटेत चौकाचौकात राउटर नावाची पेटी बसलेली असते. ती प्रत्येक निरोपाला पुढची वाट दाखवते.

या विद्येची एक मोठी परीक्षा असते. दूरच्या शहरात, सलग आठ तास. समोर एक अख्खे जाळे मांडतात, मुद्दाम जागोजागी बिघडवलेले, आणि म्हणतात, करा दुरुस्त. भल्याभल्यांना घाम फुटतो. दिगंबर दोनदा बसला होता आणि दोनदा आपटला होता.

पण ही परीक्षा त्याच्या एकट्याची नव्हती. त्याची बायको सुवर्णा हिला नर्स व्हायचे होते. घरात मुलगी मुक्ता लहान, त्यामुळे दोघांनी एकदम शिकायला बसणे जमणारे नव्हते. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी ठरवले होते, आधी दिगंबरची परीक्षा, मग सुवर्णाचा नंबर. तात्पुरते ठरवले होते. आता तिची वयाची मर्यादा संपत आली होती. यंदा फॉर्म भरला तरच, नाही तर कायमचे राहिले. शेवटची तारीख बुधवार, आणि दिगंबरची परीक्षा दोन महिने लांब. फॉर्म रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला होता. त्याच्याबद्दल दोघेही बोलत नसत.

दिगंबरला एक खोड होती. निरोप हरवला, तर तो कुठे आणि का हरवला हे शोधावे लागते. राउटर खरे तर शहाणे असतात. एकमेकांना विचारून आपल्या वाटा आपणच ठरवतात. पण ज्याला धीर नाही त्याच्याकडे एक सोपा उपाय असतो. तो राउटरला हातानेच सांगून ठेवतो, की इथे येणारा निरोप तिकडेच पाठव, तू विचार करू नकोस. दिगंबर याला पाटी ठोकणे म्हणायचा. पाटी ठोकली की निरोप झटकन पोचायचा, लोक वाहवा करायचे, आणि दिगंबर म्हणायचा, "तात्पुरतं आहे, नंतर काढतो." हे नंतर काही उगवत नसे.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी दुपारी तो सरावाला बसला होता. टेबलावर भंगारातून आणलेले तीन राउटर एकावर एक रचलेले, त्यांचे पंखे गुणगुणत होते. एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचत नव्हता. हा नववा दिवस. जेवणात वांग्याचे भरीत झाले होते, त्यामुळे दोन घास जास्तच गेले होते. पंख्यांची गुणगुण हळूहळू मोठी होत गेली, भिंती मागे सरकल्या आणि दिगंबरच्या लक्षात आले की आपण चालतो आहोत.

तो निरोप झाला होता. अंगाला वजन नव्हते. हातात एक बंद पाकीट होते आणि तळहातावर आकडा लिहिलेला होता, चौसष्ट. रस्ता मऊ होता आणि उजेड कुठून येत होता ते कळत नव्हते. प्रत्येक चौकात कुणीतरी बसलेले असे. कुणी मटार सोलत होते, कुणी मांडीवर मोर घेऊन त्याची पिसे विंचरत होते. दिगंबर आला की ते ओल्या फडक्याने तळहात पुसत आणि आकडा एकाने कमी करून लिहीत. मग पुढच्या चौकाकडे बोट दाखवत.

"आणि त्याच्या पुढे?" त्याने एकदा विचारले.

"त्याच्या पुढचं तिथे विचारा. आम्हाला एवढंच माहीत."

सगळी वाट कुणालाच ठाऊक नव्हती, तरी रस्त्यावरचा प्रत्येक जण बरोबर निघाला होता. दिगंबरला हे फार सुंदर वाटले. इतकी वर्षे ज्या तारांना तो शिव्या देत आला, त्यांच्या आत हे असे होते.

मग एका चाफ्याखाली एक म्हातारी भेटली. तिने त्याला पाणवठ्याकडे पाठवले. पाणवठ्यावर एक म्हातारा पाय सोडून बसला होता. त्याने त्याला चाफ्याकडे पाठवले. चाफ्यावरून पाणवठा, पाणवठ्यावरून चाफा. सुरुवातीला बरे वाटले. फुले पडत होती, पाणी चमकत होते, दोघेही अदबीने वागत होते. आकडा तीसवर आला, बारावर आला, पाचवर आला. आकडा शून्य झाला की निरोप वाटेतच विरतो, हे त्याला ठाऊक होते. तेव्हा तो घाबरला.

"आजी, मला परत परत तिकडेच का धाडता?"

म्हातारीने मागे बोट दाखवले. चाफ्याच्या खोडावर एक पाटी होती. अक्षर त्याचेच होते.

"तुम्हीच ठोकलीत ना? विचार करू नका म्हणालात. आम्ही नाही केला."

त्याने पाटी उपटायला हात घातला, पण निरोपाच्या हातात ताकद ती किती. बोटे धुक्यासारखी आरपार गेली. आकडा दोनवर आला. पाकिटावर नाव कुणाचे आहे, हे त्याने आता कुठे पाहिले. सुवर्णाचे होते. मग आकडा शून्य झाला आणि दिगंबर उरला नाही. आवाज झाला नाही, कुणी ओरडले नाही. फुले पडत राहिली. रस्त्याच्या शेवटी एका खिडकीत कुणीतरी बसून होते, ते तसेच बसून राहिले.

तो जागा झाला तेव्हा साडेचार वाजले होते. डोळे ओले होते. त्याने मधला राउटर उघडून पाहिला. दहा दिवसांपूर्वी कसलीशी चाचणी करताना त्यानेच एक पाटी ठोकली होती आणि काढायची राहिली होती. नऊ दिवस तो भलतीकडेच चुका धुंडाळत बसला होता. पाटी काढताच निरोप पोचला. एरवी त्याने घर डोक्यावर घेतले असते. आज तो मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. सुवर्णा मेथी निवडत होती.

"तुझा फॉर्म भरायचा राहिलाय," तो म्हणाला.

"तुमची परीक्षा होऊ दे आधी."

"आणि मी नापास झालो तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तुझं वय बसत नाही."

सुवर्णाचा हात थांबला. "माहितीये मला. पण आपलं ठरलं होतं ना."

आता खोटे कशाला सांगू, दिगंबरला मोह झाला. तिचे कॉलेज महिन्याभरात सुरू होणार. म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर मुक्ताची अंघोळ, डबा, शाळा सगळे त्याच्या गळ्यात. सकाळचे चार तास गेले की अभ्यास कसला उरतो? नुसते 'बरं' म्हटले असते तरी भागत होते. तिने ब्रही काढला नसता.

"तात्पुरतं ठरलं होतं," तो म्हणाला. "मोडायचं मी विसरलो. उद्या सकाळी आपण दोघं जाऊन फॉर्म देऊन येऊ."

सुवर्णाला रडू आले. तिने ते लपवले नाही.

पुढचे दिवस ओढाताणीचे गेले. एका हाताने वेणी घालायची आणि तोंडाने धडा म्हणायचा, असा दिगंबरचा अभ्यास चालला. पुस्तकातले किती डोक्यात शिरले आणि किती मुक्ताच्या वेणीत गेले, देव जाणे. परीक्षेत आठ तास त्याने एकही पाटी ठोकली नाही. प्रत्येक चौकात थांबून, विचारून, बिघाड शोधत गेला. वेळ संपली तेव्हा एक निरोप पोचायचा राहिला होता. तेवढ्याने तो तिसऱ्यांदा नापास झाला.

निकाल कळला त्या सकाळी तो बराच वेळ दारातच उभा राहिला. मागच्या दोन्ही खेपांना सुवर्णाकडे बघण्याची त्याला हिंमत झाली नव्हती. ती कॉलेजचा गणवेश घालून बुटाची नाडी बांधत होती.

"गेली," तो म्हणाला.

सुवर्णाने मान वर केली आणि त्याच्याकडे नीट पाहिले. "चहा झाकून ठेवलाय. मुक्ताला आठला सोडा. पुढच्या वर्षी परत बसा, निवांत बसा. आता तुमच्यापायी कुणी अडलेलं नाही."

एवढे बोलून ती बस गाठायला गेली. दिगंबरला वाईट वाटायला हवे होते, आणि थोडे वाटलेही. पण छातीवरचे मोठे ओझे उतरले होते. तो चहा प्यायला, मुक्ताला शाळेत सोडून आला आणि पुस्तक पहिल्या पानापासून उघडून बसला.

तात्पर्य: तात्पुरती म्हणून केलेली सोय वेळीच मोडावी. ती विसरून राहिली, तर आपण एका जागी फिरत राहतो आणि आपल्यासाठी थांबलेल्या माणसाचे दिवस संपत जातात.