पाठमोरी

"चेहराच नाही, मग दुःख दिसणार कुठं, अण्णा?"

सयाजीनं चित्रासमोर उभं राहूनच विचारलं. अण्णांनी काढलेलं मोठं चित्र होतं. जवळजवळ सगळी जागा दरीनं आणि धुक्यानं व्यापलेली. खाली एका कडेला, बोटाएवढी, पाठमोरी बाई.

पन्हाळ्यावर राहणारे अण्णा कालेकर हे सयाजीचे गुरू. सयाजी स्वतः आता कोल्हापुरात नावाजलेला. त्यानं रंगवलेल्या डोळ्यांतलं पाणी पुसायला बघणाऱ्याचा हात पुढं होतो, असं लोक म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं.

"तुझं नवं चित्र कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"आईचं. हणमंता गेल्यानंतरची आई." धाकट्या भावाचं नाव घेत तो खाली बसला. "अख्खा कॅनव्हास भरून चेहरा. लाल, काळा... काही हातचं राखलं नाही. बघणारे रडले, अण्णा."

"आणि आई?"

सयाजीनं समोरचा चहाचा कप नुसताच फिरवला.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. चित्रावर चादर टाकली तिनं."

अण्णा उठले, खिडकीशी गेले आणि सयाजीकडं पाठ करून उभे राहिले.

सयाजी थांबला. आता वळतील, मग वळतील...

चहा निवला. अण्णा रागावलेत? रडताहेत? पाठीवरून काही कळेना. शेवटी न राहवून तो उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

खाली धुकं. राखाडी, निळसर, गार. कुठं संपतंय ते दिसत नव्हतं. मग एका जागी ते विरळ झालं आणि कुणाच्या तरी शेतावर पडलेलं ऊन दिसलं.

दोघं बराच वेळ बघत राहिले.

"माझा चेहरा बघायला उठलास ना?"

"हो."

"कसा होता?"

सयाजी गोंधळला. "बघायचा... राहिलाच."

अण्णांनी चहा पुन्हा गरम करायला ठेवला.

घरी येऊन सयाजीनं नवा कॅनव्हास ताणला. आई खाली, कोपऱ्यात, पाठमोरी. वर नुसतं आभाळ. लाल रंगाची ट्यूब त्यानं उघडलीच नाही. निळ्यात राखाडी कालवत राहिला. सवयीनं हात आईचा चेहरा वळवायला जाई, आणि तो पुसून टाकी. संपता संपता क्षितिजाशी त्यानं पिवळ्याचा एक फिकट फराटा ओढला. मावळतीचा.

दिवाळीच्या आधी तो पन्हाळ्यावर आला. नवं चित्र दाखवायला आणतो असं कळवलं होतं, पण आला रिकाम्या हातांनी.

"चित्र कुठाय?"

"आई देईना. त्याच्यासमोरच बसते."

"रडते?"

"आधी रडली, खूप. मग गप्प झाली. आणि परवा मला हाक मारून म्हणाली, सया, उजाडतंय बघ."

अण्णांनी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"केस विंचरले तिनं. किती महिन्यांनी! शेजारच्या काकूंकडंही जाऊन आली..." सयाजी अडखळला. "पण अण्णा, मी मावळती काढलीय. तिला सांगू का?"

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं.

"तू मावळती काढलीस, हे तुला कुणी सांगितलं?"