दुसरा पाट

“एकट्या माणसाला दोन पाट कशाला लागतात, अक्कामाई?”

हेरंबने हे हसत विचारलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याची नजरच तशी झाली होती. कुणाच्याही घरात शिरला की तो आधी भिंती बघायचा, मग कोपरे, आणि मग माणसं.

अक्कामाईंनी कट्ट्यावरच्या भिंतीला टेकवलेला दुसरा पाट काढला, पदराने पुसला आणि त्याच्यासमोर मांडला.

“बस.”

“नको, मी उभाच बरा आहे.”

कृष्णेच्या काठी, गावापासून थोडा बाजूला, अक्कामाईंचा मठ आहे. मठ म्हणजे एक खोली, पुढे कट्टा आणि सारवलेलं अंगण. माणसं येतात, मनातलं बोलतात, जातात. अक्कामाई फारसं काही सांगत नाहीत. तरी माणसं येतात.

हेरंब सांगलीत लोकांच्या घरांची आतली मांडणी करून द्यायचा. लहान खोलीतून मोठी सोय काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवसा बैठक, रात्री निजायची खोली. जिन्याखाली स्वयंपाकघर. त्याच्या कामाचे फोटो एकदा पेपरातही आले होते, आणि ते कात्रण अजून त्याच्या बॅगेत होतं.

“हे पाट भिंतीला टांगले ना, तर खालची सगळी जागा मोकळी होईल,” तो म्हणाला. “आणि त्या कोनाड्याच्या वर एक लांब फळी मारू. मी माणूस पाठवतो.”

“फळीवर काय ठेवू?”

“काहीही ठेवा.”

“ठेवायला काय न्हाईच बघ माझ्याकडं.”

हेरंब पुन्हा हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं.

“अक्कामाई, मी अप्पांसाठी आलोय.”

“व्हय. वाटलंच मला.”

अप्पा म्हणजे हेरंबचे वडील. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, बायको गेली, आणि आता ते या गावात एकटेच राहत होते. संध्याकाळी मठाच्या कट्ट्यावर येऊन बसायचे. कुठल्या गाडीत कोण प्रवासी भेटला, कोणत्या घाटात गाडी बंद पडली आणि मग सगळ्यांनी मिळून कसा चहा केला, ते सांगत बसायचे.

“गेल्या आठवड्यात न्हाणीत पाय घसरला त्यांचा. तुम्हाला कळलं असेलच. शेजाऱ्यांनी उचललं. हाड मोडलं नाही, पण पुढच्या वेळी...”

तो थांबला.

“तुम्ही सांगितलंत तर ते माझ्याकडे राहायला येतील. तुमचा शब्द ते मोडत नाहीत.”

“आलं हुतं की तुझ्याकडं, पाडव्याला.”

“आले होते. आणि महिना व्हायच्या आत पिशवी उचलून परत गेले. का गेले ते सांगत नाहीत. विचारलं की म्हणतात, खोली फार चांगली आहे रे.”

“मग चांगली न्हाई का?”

हेरंबला हे लागलं.

“अक्कामाई, मी आजवर केलेल्या कामातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. लोक बघायला येतात ती खोली. आधी अडगळीची होती. तेवढ्याशा जागेत मी काय काय बसवलंय! एक इंचही वाया गेलेला नाही.”

“काय काय बसवलंस?”

“कागद दाखवू? नकाशा आहे माझ्याकडे.”

“कागदातलं मला कळत न्हाई, बाबा.” अक्कामाई आत गेल्या आणि रांगोळीची वाटी घेऊन आल्या. “अंगणात काढ. हाय तेवढीच काढ.”

हेरंबला ही कल्पना आवडली. बुटाला शेण लागू नये म्हणून त्याने बूट काढून ठेवले, बॅगेतून टेप काढला आणि कामाला लागला. तो वाकून मापं घेत होता, रांगोळी सोडत होता. हात सफाईचा होता. थोड्या वेळात सारवलेल्या अंगणात एक पांढरी खोली उभी राहिली.

“हे दार. ही खिडकी. हा मोरीचा दरवाजा, आत धरायला दांडा आहे, घसरायला नको म्हणून. या भिंतीत पलंग. दिवसा उचलून भिंतीत लावून टाकायचा, कळणारसुद्धा नाही पलंग आहे म्हणून. या समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत कपाट. कपडे, औषधं, पांघरुणं, सगळं आत. खिडकीखाली टेबल, तेही भिंतीला मिटतं. घडीची खुर्ची आहे, ती कपाटात जाते.”

मधली मोकळी जमीन त्याने हाताने दाखवली.

“आणि ही बघा. सगळी रिकामी!”

अक्कामाई कट्ट्यावरून उतरल्या आणि सरळ रांगोळीकडे आल्या.

“अहो, तिकडून नको! ती भिंत आहे.”

“व्हय की.” त्या मागे फिरल्या आणि दारातून आत गेल्या. आत जाताना डोकंही जरा खाली केलं. हेरंबला गंमत वाटली.

“आता मी अप्पा,” अक्कामाई म्हणाल्या. “दुपारचं जेवण झालंय. गुडघं दुखाय लागल्यात. जरा पडावं म्हणतो.”

“पडा ना. पलंग खाली घ्यायचा.”

“घे की मग.”

हेरंबने वाकून रांगोळीने पलंग काढला. भिंतीपासून आत, लांबरुंद. मोकळ्या जमिनीचा बराच भाग त्यात गेला.

अक्कामाई रांगोळीच्या पलंगावर बसल्या.

“औषध घ्यायचं हाय.”

“कपाटात आहे. दोन्ही दारं पुढे उघडतात.”

“उघड.”

त्याने कपाटाची दारं काढली. ती पलंगाच्या कडेशी आली.

“चहा आला. कुठं ठेवू?”

“टेबल आहे ना. उघडतो.”

त्याने टेबल काढलं. टेबलाची एक रेघ कपाटाच्या दारावरून गेली. तिथे हेरंबचा हात अडखळला. ती रेघ त्याने पायाने पुसली आणि जरा आखूड काढली.

“खरं तर हे सगळं एकदम उघडायचं नसतं,” तो म्हणाला. “एक मिटायचं, मग दुसरं उघडायचं. सवयीनं जमतं.”

“बरं. मग मिट टेबल. चहा हातात धरतो.”

त्याने टेबल पुसलं.

“कपाट बी मिट. औषध घेतलं.”

त्याने कपाटाची दारं पुसली.

पलंगाच्या कडेला अक्कामाई बसल्या होत्या, हातात नसलेला कप धरून. ऊन कलत होतं. नदीकडून वारा आला आणि रांगोळी जराशी विस्कटली.

“आता तू कामावरनं आलास,” त्या म्हणाल्या.

हेरंब अंगणातच होता. तो चालत आला आणि दाराच्या रेघेशी थांबला.

“ये की आत.”

“बोला ना. मी इथे आहे.”

“ये की.”

त्याने आत बघितलं. एका बाजूला पलंग. दुसऱ्या बाजूला कपाट. मधे चालण्यापुरती वाट. खुर्ची कपाटात.

“मी...” तो म्हणाला. “मी इथेच उभा राहायचो.”

...

“रोज?”

“सकाळी जाताना. संध्याकाळी आल्यावर.”

“काय म्हनायचास?”

“अप्पा, काही हवंय का?”

“आन् अप्पा?”

“काही नको म्हणायचे.”

अक्कामाईंनी नसलेला कप पलंगावर ठेवला.

हेरंबचे पाय अजून दाराच्या रेघेवर होते. ती रेघ त्याच्या टाचेखाली पुसली गेली होती.

“एकदा ते काहीतरी सांगत होते,” तो हळू म्हणाला. “आंबोलीच्या घाटातलं. धुक्यात गाडी थांबवली होती, आणि कुणीतरी म्हातारी पुढे चालत गेली कंदील घेऊन... माझा फोन वाजला. मी म्हटलं, आलोच अप्पा.”

“मग?”

“मग... राहिलं.”

“म्हातारी कंदील घेऊन निघाली. पुढं?”

“मला माहीत नाही.”

“मला हाय,” अक्कामाई म्हणाल्या. पण त्यांनी सांगितलं नाही.

नदीवर कुणीतरी म्हशी धूत होतं, त्यांना दटावल्याचा आवाज येत होता.

मग हेरंब एकदम खाली वाकला. त्याने टेप ओढला आणि पलंगापासून कपाटापर्यंत धरला. त्याच्या आवाजात पुन्हा उत्साह आला.

“मी कपाट निम्म्यानं कमी करतो. नाहीतर पलंगच अरुंद करतो. किंवा ही भिंत पाडतो, पलीकडे माझं कामाचं टेबल आहे, ते हलवता येईल. मग इथे एक छान बैठक होईल. गादी, लोड. पंधरा दिवसांत सगळं तयार होईल. तोवर तुम्ही अप्पांना सांगून ठेवा...”

“एक इचारू?”

“विचारा ना.”

“एवढी जागा वाचवलीस, ती ठेवलीस कुठं?”

हेरंबच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

...

“तुम्ही सांगणार नाही त्यांना,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“मग ते येणार नाहीत. आणि पुन्हा पडले तर? तिथे रात्री आवाज ऐकायलाही कुणी नाही, अक्कामाई. मला झोप लागत नाही. फोन वाजला की वाटतं, तोच.”

आता त्याच्या आवाजात घराचं काम करणारा कुणी नव्हता. नुसता अप्पांचा मुलगा होता.

अक्कामाई पलंगावरून उठल्या. आल्या तशाच दारातून बाहेर पडल्या. कट्ट्यावर गेल्या आणि मघाचा पाट उचलला. त्यावर कुणी बसलंच नव्हतं, तरी त्यांनी तो पुन्हा एकदा पदराने पुसला.

पाट घेऊन त्या अंगणात आल्या.

“मावतो का बघ.”

हेरंबने पाटाकडे बघितलं. मग त्याच्या हातांनी आपोआप माप घेतलं, आधी पाटाचं, मग पलंगाशेजारच्या वाटेचं.

“मावतो,” तो म्हणाला. “कपाट बंद असलं तर सहज मावतो.”

“भिंत पाडाय नगं?”

“नको.”

“पलंग कापाय नगं?”

“नको. पण...”

“ने मग.”

“मी नेऊ? आणि तुम्हाला? इथे कुणी आलं तर?”

“आल्याला माझा देईन. मी भुईवर बसते.”

हेरंब जरा घुटमळला. कसं सांगावं त्याला कळेना. अक्कामाईंचं मन मोडायचं नव्हतं, पण चुकीची वस्तू चुकीच्या ठिकाणी जाऊ देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“अक्कामाई, राग मानू नका. तुम्ही प्रेमानं देताय. पण अप्पांना हा उपयोगाचा नाही. त्यांना खाली बसताच येत नाही. गुडघे दुखतात ना त्यांचे.”

“ठाऊक हाय मला.”

त्यांनी पाट त्याच्या हातात दिला.

“तुझं गुडघं चांगलं हाईत.”