एकादशीचं मौन

"...पण महाराज, एकादशीचं मौन तुम्ही सोडलंत तरी का?"

श्रीरंगनं पुन्हा विचारलं. महाराज शेंगा सोलत होते. सोलतच राहिले.

अच्युतगिरी महाराजांचं मौन एके काळी पंचक्रोशीत नावाजलेलं. एकादशीला आतून कडी घालून बसायचे ते सूर्य मावळेपर्यंत चकार शब्द नाही. लोक नुसत्या बंद दाराला नमस्कार करून जायचे. ते मौन पाहूनच श्रीरंग त्यांचा शिष्य झाला, मठात राहून शिकला.

आता तो जिनिव्हाला असे. धर्मस्वातंत्र्याच्या परिषदांत बोले, ठरावांचे मसुदे लिही. तळमळ खरी होती. पण उंटावरून शेळ्या हाकायची सवयही जडली होती, आणि त्याला तिचं कोण कौतुक!

"संयुक्त राष्ट्रांनी एक दिवस ठरवलाय, महाराज. श्रद्धेपायी ज्यांचा बळी गेला त्यांच्यासाठी. यंदा तो मी आपल्या गावात करतोय. देशोदेशीची माणसं येतील. योहान सुताराच्या नावाचा दगड बसवू. आणि दोन मिनिटांचं मौन... ते तुम्हीच सुरू करायचं. तुमच्यासारखं मौन दुसऱ्या कुणाला जमणार?"

योहानचं नाव निघालं आणि महाराजांचे हात थांबले.

योहान आपल्या घरात चार माणसं जमवून येशूची प्रार्थना करायचा. तेवढ्यावरून जमाव उठला आणि त्याला मठासमोरच्या रस्त्यात ठार मारलं. श्रीरंग तेव्हा परीक्षेसाठी पुण्याला गेला होता. त्याच्या कानावर आलं ते एवढंच.

"त्या दिवशी एकादशी होती," महाराज म्हणाले.

श्रीरंगला काही उमगेना.

"तो पळत इथं आला. दार बडवायला लागला. 'महाराज, एकदा बाहेर येऊन बोला, तुमचं ऐकतील ते...'"

"आणि तुम्ही...?"

"ऐकलं असतं रे त्यांनी. निम्मे तर माझ्याच पाया पडणारे."

"महाराज..."

"गाव मूग गिळून बसलं. त्यांना भीती होती. मला कसली होती? माझं व्रत मोडलं असतं, बस." महाराजांचा आवाज चिरका झाला. "कडी काढायला तोंड उघडावं लागत नाही, बाळा. पण मी जागचा हललो नाही."

श्रीरंगचा सगळा तोरा उतरला. गुरूंचा राग यावा की कीव, हे त्याला कळेना. भाषणांत इतक्या वेळा घेतलेलं योहानचं नाव आज प्रथमच त्याच्या काळजाला लागलं होतं.

शेवटी त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. उठून उभा राहिला. हात जोडले, मान खाली घातली, डोळे मिटले. आजवर अनेक सभागृहांत पाळलं होतं तेच मौन त्यानं योहानसाठी पाळलं, आणि या वेळी अगदी मनापासून.

बाहेर कुणाची तरी गाय हंबरली. मग तीही गप्प झाली.

श्रीरंगनं डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. महाराज दाराकडे पाहत होते.

"झालं?"

"झालं, महाराज."

"...एवढाच वेळ दार वाजत होतं."