गेंदाताईचा जळफळाट

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, पाहिली नाही. तेव्हा मी झोपलो होतो. पण खोटी असेल तर माझी मिशी गळून पडो. मिशी नाही, ते जाऊ द्या. सरका जवळ.

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडच्या एका माळावर रुईसारखं चिकाचं झाड होतं. त्यावर केशरी फुलपाखरांचं एक कुळ नांदत असे. कुळाची रीतच तशी. उन्हात जन्मलेल्यांनी झाडापाशी राहायचं, अंडी घालायची आणि लवकर मरायचं. गारवा पडल्यावर जन्मलेल्यांनी मात्र पुष्कळ जगायचं, आणि हिवाळा काढायला दक्षिणेच्या डोंगरावर जायचं.

गेंदा उन्हातली. तिची धाकटी बहीण शेवंती गारव्यातली. झालं! गेंदा जळून कोळसा. ‘पानं मीही तीच खाल्ली. मग डोंगर हिलाच का?’

शेवंती अळी होती तेव्हा गेंदा म्हणाली, “शी, कसली कडू पानं चघळतेस! ती पलीकडची कोवळी भाजी खा.” शेवंतीने एक घास घेतला आणि थुंकला. बरं झालं, बरं का! त्या कडू चिकामुळेच तर पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

मग शेवंतीने स्वतःला हिरव्या कोशात कोंडून घेतलं. कोशावर सोन्याचे ठिपके. “मला कुठे होते असले?” गेंदा फणफणली. होते की! पण आत बसलेल्याला दिसणार कसे? दिवसभर तिने ते पायांनी खरवडले. एक निघेल तर शपथ.

मग कोश फुटला. ओले पंख वाळवत शेवंतीने विचारलं, “ताई, डोंगर कुठल्या दिशेला गं?”

“उत्तरेला,” गेंदा पटकन म्हणाली. उत्तरेला बर्फ! गेली असती तर वाटेतच गारठून मेली असती.

पण शेवंती निघेचना. पानाला बिलगून बसली. “तुझं बरं आहे, ताई. झाड तुझं, अंडी तुझी. मला कुणी विचारलं तरी का? गेलेली परत येत नाही म्हणे, येतात त्या नाती-पणत्या. मेला तो डोंगर! तुझा इतका हेवा वाटतो ना, की तुझी अंडी ढकलून द्यावीत असं वाटतं.”

गेंदा बघतच राहिली. मग तिला खुदकन हसू आलं. “आणि मी बावळट तुझ्यावर जळत होते! अगं, उत्तरेला नको, मरशील. खोटं सांगितलं मी. दक्षिणेला जा.”

“ताई!”

“भांडण राहू दे. आधी नीघ, वारा चांगला आहे.”

शेवंती गेली. डोंगरावर इतकी फुलपाखरं जमली, की फांद्या वाकल्या. हिवाळा सरल्यावर ती माघारी फिरली, वाटेत अंडी घालून थांबली. पुढची वाट लेकीने धरली, मग नातीने. आणि ती नात, कधी न पाहिलेल्या त्या माळावर नेमकी येऊन उतरली. मग काय, झाडावर गोकुळ नांदलं.

आता खरं सांगतो. कडू चीक खरा, सोन्याचे ठिपके खरे, नातीचं येणंही खरं. बनवलाय तो फक्त हेवा. फुलपाखरांना कुठला आलाय हेवा? तो तुम्हा दोघींकडून उसना घेतला. चला, आता पांघरूण अर्धं अर्धं घ्या आणि मिटा डोळे.